स्विच तुम्ही निवडता, बॉक्स कोण निवडतो?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वास्तू पुरवणीत स्विचबोर्डांवर पानभर मजकूर आला होता. स्विचची पट्टी काचेची घ्यावी की मॅट, भिंतीच्या रंगाला कोणती शोभेल, दिवे किती वॅटचे लावावेत, सगळं होतं. त्या पट्टीमागे भिंतीत जो बॉक्स बसतो त्याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. मी चिपळूणचा वायरमन. आयटीआय केलं, परवाना काढला, तेव्हापासून घरांची वायरिंग हेच पोट. म्हणून ती राहिलेली ओळ मीच लिहून पाठवतोय. जरा लांबली आहे.

घरमालक दुकानात जाऊन स्विच पसंत करतो. वायर कुठल्या कंपनीची घ्यायची ते मेहुण्याला फोन करून विचारतो. बॉक्स कोणीच पसंत करत नाही. कारण आमच्याकडे काम ठरतं पॉइंटच्या, म्हणजे एकेका दिव्या-पंख्या-सॉकेटच्या, दराने. पाइप, बेंड, बॉक्स, खिळे, सिमेंट, सगळं त्या दरात, म्हणजे ठेकेदाराच्या पदरचं. तुम्ही घासाघीस करून दर खाली आणलात की तो वाचवणार कुठे? जे प्लास्टरखाली जाणार तिथे. चांगल्या आणि टाकाऊ बॉक्समध्ये नगामागे वीस-तीस रुपयांचा फरक पडतो. दोन बेडरूमच्या घरात तीस-पस्तीस बॉक्स धरले तरी सगळा मिळून हजाराच्या आतबाहेर. तेवढ्याची तर एक काचेची पट्टी येते.

आता प्लास्टिक की लोखंडी? माझं मत स्वच्छ आहे. कोकणात भिंतीतला बॉक्स प्लास्टिकचाच घ्यावा. पत्र्याच्या बॉक्सला जस्ताचा मुलामा असतो, पण पाइपसाठी भोक पाडलं की तिथला मुलामा जातो आणि आमच्या चार महिन्यांच्या ओलीत गंज तिथूनच सुरू होतो. पट्टीचे स्क्रू इतके धरतात की काढताना डोकंच तुटतं. शिवाय लोखंडी बॉक्सला स्वतंत्र अर्थिंग जोडावं लागतं. ते जोडलेलं फार थोड्या घरांत पाहिलंय. न जोडलेल्या बॉक्सला आतून एखादी सोललेली फेज टेकली की अख्खा बॉक्स आणि पट्टीचे दोन्ही स्क्रू जिवंत. प्लास्टिकच्या बॉक्सला ही भीती नाही. पण म्हणून अर्थची हिरवी वायर आणायचीच नाही असा अर्थ काही महाभाग काढतात. बॉक्सला अर्थ नको, सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला हवाच.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं, ते ओसरल्यावर घरोघरी बोर्ड उघडायचं काम आम्हीच केलं. लोखंडी बॉक्स बहुतेक ठिकाणी फोडून काढावे लागले. प्लास्टिकचे टिकले होते, मात्र आत गाळ भरलेला. तो खरवडून, स्वच्छ पाण्याने धुऊन, पुरते वाळू देऊन नवे स्विच-सॉकेट बसवले. जिथे लोकांनी वरवर पुसून वीज चालू केली तिथे वाळलेला गाळ पुढच्या पावसात पुन्हा ओलावला आणि विजेला चोरवाट मिळाली.

प्लास्टिक म्हटलं की सगळं एक नसतं. भंगार वितळवून केलेले बॉक्सही बाजारात आहेत. हातात घेऊन दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबा. भिंती आत वळल्या तर तो बॉक्स बाजूने सिमेंटचा मसाला ठासताना वळणारच, मग पट्टीची भोकं जुळत नाहीत आणि वायरमन स्क्रू तिरका मारून मोकळा होतो. स्क्रू जिथे बसतो ते कान पाहा. त्यात पितळेची पेच पाडलेली नळी असेल तर उत्तम. नुसत्या प्लास्टिकात मारलेला स्क्रू दोन-चार वेळा काढघाल केली की फिरत राहतो, धरत नाही. आयएस १४७७२ हे अशा बॉक्सांचं भारतीय मानक, तो आकडा असलेला माल मागा. आगीचा अंदाज घ्यायचा तर बॉक्सची एक चिरफळी अंगणात, वारा पाठीशी घेऊन, पेटवून बघता येते. पीव्हीसी असेल तर ज्योत बाजूला घेताच विझतं. जे काळा धूर सोडत, ठिबकत जळत राहतं ते भिंतीत नको. धूर मात्र नाकात घेऊ नका.

मापाबद्दल माझा हट्ट आहे. सोळा अँपिअरचं सॉकेट दोन मॉड्युल, म्हणजे पट्टीवर दोन स्विचची जागा, त्याचा स्विच एक, म्हणून सगळे तीन मॉड्युलचा बॉक्स देतात. हिशेब बरोबर, पण गीझरला चार चौरस मिलिमीटरची वायर येते आणि ती ताठ असते. फेज, न्यूट्रल, अर्थ, तिघींना वळायला जागा लागते. उथळ बॉक्समध्ये त्या कोंबल्या की पट्टी आवळताना सगळा दाब टर्मिनलवर पडतो. मी अशा ठिकाणी चार मॉड्युलचा बॉक्स लावतो आणि उरलेल्या जागी ब्लँक, म्हणजे कोरं झाकण. खोली पन्नास मिलिमीटरच्या आसपास हवी. यावर गवंडी म्हणतो, चार इंची भिंतीत एवढी झिरी मारली तर राहिलं काय? त्याचं बरोबर आहे. म्हणून एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना बोर्ड पाठीला पाठ लावून ठेवू नयेत, एक वीतभर सरकवावा. हे नकाशावर ठरतं, झिरी मारताना नाही. बेडरूममधला आवाज हॉलमध्ये ऐकू येतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी बोर्डाची जागा बघावी!

बसवण्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. आमच्याकडे जांभ्याचे चिरे. चिरा पाणी पितो. कोरड्या झिरीत मसाला भरला की त्यातलं पाणी चिरा ओढून घेतो, सिमेंट नीट धरत नाही आणि बॉक्स त्या खळीत सुटा राहतो. कटरने झिरी मारून झाली की लाल भुकटी ब्रशने झाडायची, पाणी मारायचं, बॉक्सच्या पाठीमागे आणि चारी बाजूंनी सिमेंटचा मसाला ठासायचा. बॉक्सचं तोंड गवंडी प्लास्टरची लेव्हल धरायला जे ठिय्ये मारतो त्यांच्या बरोबरीत हवं. आतलं प्लास्टर बारा-पंधरा मिलिमीटर येतं, तेवढं तोंड चिऱ्याच्या बाहेर ठेवायचं. आत दबला तर लांब स्क्रू लावून पट्टी ओढत बसावं लागतं, बाहेर राहिला तर पट्टी आणि भिंतीमध्ये फट पडून मुंग्या आणि पालीची पिल्लं राहायला येतात. मसाला ओला असताना बॉक्समध्ये फळीचा मापाचा तुकडा घालून ठेवला की बाजू आत येत नाहीत. पाइपसाठी जी अर्धवट कापलेली गोल झाकणं असतात त्यातली लागतील तेवढीच पाडायची. सगळी पाडली की त्यातून मसाला आत येतो.

यातलं काहीच न करता काय करतात? कडेला दोन खिळे ठोकतात आणि वर पीओपी थापतात. पीओपी पटकन घट्ट होतं, संध्याकाळपर्यंत अख्खं घर उरकतं. पण ते ओल पितं आणि भुसभुशीत होतं. आणि ते खिळे! पट्टी काढल्यावर खिळ्याचं टोक आतल्या वायरीला टेकलेलं पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही.

बॉक्स हलला म्हणून काय बिघडतं, असं एका मास्तरांनी मला विचारलं होतं. इस्त्रीची पिन रोज ओढली जाते. बॉक्स पक्का असेल तर तो ओढा भिंत घेते. सुटा असेल तर सॉकेट, पट्टी, बॉक्स सगळंच पुढेमागे होतं आणि मागच्या ताठ वायरी टर्मिनलच्या स्क्रूखाली थोड्या थोड्या हलतात. स्क्रू सैल होतो. दोन हजार वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. सैल जोडावर तेवढ्याने सांधा तापतो. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण सत्तर अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असतं. त्यापुढे ते ठिसूळ होतं, सॉकेट पिवळं पडतं, मासळी करपल्यासारखा वास येतो. बॉक्सचे प्लास्टिकचे कान मऊ पडले की स्क्रूची उरलीसुरली पकडही जाते. एमसीबी, म्हणजे करंट जास्त गेला की वीज तोडणारा स्विच, या सगळ्यात गप्प बसतो, कारण करंट जास्त गेलेलाच नसतो. मग बातमीत येतं, ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’. शॉर्टसर्किट झालेलं असतं, पण शेवटी. त्याआधी तो सांधा कित्येक महिने तापत असतो.

आणखी एक आमच्याकडचीच गोष्ट. पहिला पाऊस झाला की फोन येतात, आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडते, काढून टाका. ती काढायची नसते. गच्चीच्या कठड्यावरच्या दिव्याचा पाइप उघडा राहिला की पाणी पाइपातून थेट खालच्या बॉक्समध्ये उतरतं, आणि आरसीसीबी तेच सांगत असते. बाहेरचा बॉक्स झाकणाचा आणि रबर पट्टीचा घ्यावा, पाइप त्यात खालून न्यावा, आणि तळाला पाणी निघायला बारीक भोक ठेवावं.

जुन्या मातीच्या किंवा बिनगिलाव्याच्या चिऱ्याच्या घरांत झिरी न मारता केसिंग-कॅपिंगच, म्हणजे भिंतीवरून झाकणाच्या पट्टीतून नेलेली वायरच, बरं. तिथे बाहेरून लावायचा बॉक्स गिट्टीवर, म्हणजे भोकात ठोकून स्क्रू धरणाऱ्या प्लगवर, धरतो, आणि चिऱ्यात ड्रिलचं भोक ऐसपैस पडतं. भोकात ओलं सिमेंट भरून मग गिट्टी घालावी आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू आवळावा. मातीच्या भिंतीत लाकडी गुटका सिमेंटात बसवल्याशिवाय काहीच टिकत नाही. दुहेरी बाजूच्या टेपवर बॉक्स चिकटवणारेही आता भेटू लागलेत, त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलं आहे.

आता मागणी. नवीन मीटर घेताना महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात इन्सुलेशन आणि अर्थिंगचे आकडे असतात, ते हवेतच. पण तो रिपोर्ट होतो तेव्हा प्लास्टर, रंग सगळं झालेलं असतं आणि बॉक्स कशावर टेकलाय ते मेगरला, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राला, दिसत नाही. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी टेप धरून, फोटो काढावा आणि त्याची प्रत रिपोर्टला जोडावी, असा नियम करायला काय खर्च आहे? मोबाइल प्रत्येक वायरमनच्या खिशात आहे. तेच फोटो पुढे मालकाला भिंतीत खिळा मारताना उपयोगी पडतील. नियम होईपर्यंत मालकांनी कराराच्या कागदावर पॉइंटच्या दराखाली दोन शब्द लिहून घ्यावेत, बॉक्सचा मेक आणि खोली. पीओपीने बसवणार नाही हेही लिहून घ्यावं. हे वाचून माझ्या धंद्यातले काही बंधू मला चहाला बोलावणार नाहीत याची कल्पना आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक वायरमन, चिपळूण

ता. क. पंख्याचं लिहायचं राहिलं. स्लॅबमध्ये पंख्यासाठी प्लास्टिकचा बॉक्स चालतो, पण पंखा त्या बॉक्सला टांगायचा नाही. हुकाची सळई बॉक्समधून वर जाऊन स्लॅबच्या सळयांना तारेने बांधलेली हवी. ते काँक्रीट पडायच्या आधी सेंट्रिंगवर चढून स्वतः बघावं, नंतर बघायची सोय नाही.