ग्लॉसी पेपरच्या पाकिटावर शाईचं काहीच काहून लिहीत नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

नंदनवनात माझं झेरॉक्स आणि फोटोचं लहानसं दुकान आहे. तक्रार तशी लहानच आहे, पण माझ्यासारखे दुकानदार आणि घरी फोटो काढणारे पण यात फसून राहिले म्हणून लिहितो.

मागच्या उन्हाळ्यात एका काकूंनी काकांचा फोटो मोठा करून नेला, वर्षश्राद्धासाठी, ए४ ग्लॉसीवर, म्हणजे चकचकीत फोटो पेपरवर, दोन प्रती. एक काचेच्या फ्रेममध्ये बसवली आणि दुसरी हॉलमध्ये तशीच लावली, बिनकाचेची, बरोबर कूलरच्या समोर. दिवाळीच्या आधी घेऊन आल्या, "पहा ना भाऊ, काकांचं तोंड लाल झालं." आणि खरंच झालं होतं, निळा उडून गेला होता आणि सगळा फोटो तांबूस नारंगी. काचेतला मात्र जसाच्या तसा. प्रिंटर तोच, शाई तीच, कागद एकाच पाकिटातला, काढले एकाच दिवशी. उन्हाचं म्हणावं तर त्या हॉलमध्ये ऊन येतच नाही.

मग खोदून खोदून विचारलं, वाचलं. आपल्या टँकवाल्या घरगुती प्रिंटरमध्ये रंगीत शाई बहुतेक डाय असते, म्हणजे रंग विरघळलेला. आणि आजकालचा झटपट सुकणारा ग्लॉसी असतो मायक्रोपोरस, त्यावर सिलिका नाहीतर अ‍ॅल्युमिनाचा थर असतो, बारीक बारीक छिद्रांचा, शाई पडली की लगेच आत. गिऱ्हाइकाच्या हातात तिथल्या तिथं देता येते म्हणून आम्हाला तो आवडतो. पण ती छिद्रं नंतर पण उघडीच राहतात ना, हवेतला ओझोन आत शिरतो आणि डायला खातो, त्यात पहिले निळा जातो. आणि कूलर तर दिवसभर बाहेरची हवा ओढून फोटोवरच फेकून राहिला होता! हे काही आजचं नाही, २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० वर काढलेले फोटो लोकांच्या घरी असेच नारंगी पडले होते, ते पण कंपनीच्याच शाईने कंपनीच्याच ग्लॉसीवर. मग शाई एकाची कागद दुसऱ्याचा घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी काय बोलावं.

दुसऱ्या जातीचा ग्लॉसी असतो, त्यावर जिलेटिनसारखा थर असतो, तो शाई पिऊन फुगतो आणि सुकला की रंगाला आत बंद करून टाकतो. हवेला डाय त्यात जास्त टिकते. पण सुकायला वेळ लागते, आणि जूनअखेर पाऊस आला, त्यात कूलर पण चालू असला की मग काय, कागद चिकट तो चिकटच, एकावर एक ठेवले की गेले. आणि त्यावर पिगमेंट शाई टाकली, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची, तर तिचे कण आत जातच नाहीत, वरच बसतात, बोटाने पुसले जातात. मी हे करून चुकलो आहे, रिफिलवाल्याने "वॉटरप्रूफ आहे, घ्या" म्हणून पिगमेंट दिली आणि मी घेतली. स्वस्त ग्लॉसीवर तिरपं धरून पाहिलं तर काळे केस तांब्यासारखे चमकत होते. नवरदेवाचे केस होते राजेहो, काय सांगू.

आणखी एक. कॅनन, एचपीच्या बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकी रंग डाय असतात. सेटिंगमध्ये प्लेन पेपर ठेवून ग्लॉसी टाकला की प्रिंटर ती काळी पिगमेंट मारतो आणि हाताला काळं लागते. ग्लॉसी निवडलं की तो रंग मिसळून काळा बनवतो, मग ठीक. माझ्याकडे कॉलेजची पोरं कागद घेऊन येतात "पेपर खराब आहे" म्हणत, अर्ध्या वेळा नुसतं सेटिंग चुकलेलं असते.

आता माझं म्हणणं. इतवारीत जाऊन तुम्ही पाकीट घ्या, त्यावर काय लिहिलेलं असते? १८० जीएसएम, हाय ग्लॉसी, फोटो क्वालिटी, आणि एखाद्या परदेशी बाईचा हसरा फोटो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, बस. १३० असो का २७०, वरचा थर कोणता ते त्याने कळत नाही. २०११ च्या पॅकेजिंग नियमांनी एमआरपी, नग, कंपनीचं नाव-पत्ता, महिना-वर्ष छापावंच लागते, ते छापतात. मग अजून तीन शब्द छापायला काय जाते, थर कोणता, डायला चालते का पिगमेंटला, आणि प्रिंटरमध्ये कोणतं सेटिंग ठेवायचं? मोठ्या कंपन्या आपल्या शाईसाठी आपल्या कागदाचं प्रोफाइल देतात, म्हणजे कोणता रंग किती मारायचा ते प्रिंटरला सांगणारी फाइल, पण बाहेरची शाई आणि तिसऱ्याचाच कागद असला तर ते प्रोफाइल म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. व्यापाऱ्यांनी पाकीट विकायच्या आधी दोन सुटे कागद तरी द्यावे, आम्ही आमच्या शाईवर मारून पाहू. मी एका दुकानात मागितले तर तो म्हणे, "दादा, कागदाला काय चव पाहून घेता का?"

चवीवरून आठवलं, कोरा कागद हातात आला आणि छापायची बाजू कळत नसली तर ओलं बोट कोपऱ्याला लावून पाहा, चिकटते ती बाजू.

काकूंना नवीन फोटो काढून दिला, पैसे घेतले नाही. एक दिवस उघडा सुकवला, मग काच लावली, नाहीतर शाईतला ओलावा काचेला आतून धुकं आणतो. कूलरसमोरचा खिळा पण काढायला सांगितला, तर त्या म्हणाल्या तिथं आता घड्याळ लावतो.

आपला,
एक झेरॉक्सवाला, नंदनवन, नागपूर