दुबईतलं चर्च काल-परवाचं नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत आखातातल्या प्रार्थनास्थळांवरचा लेख वाचला. फोटो मस्तच आलेत, पण 'हल्ली तिकडे चर्चलाही परवानगी मिळू लागलीय' हे वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. हल्ली? अहो मी १९९४ ला दुबईला गेलो तेव्हा तिथल्या औद मेथा भागातलं सेंट मेरीज हे कॅथलिक चर्च सत्तावीस वर्षांचं झालेलं होतं!

दुबईचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख रशीद यांनी १९६६ मध्ये जमीन दिली आणि १९६७ ला चर्च उघडलं. म्हणजे यूएई नावाचा देशच अजून व्हायचा होता, तो झाला डिसेंबर १९७१ मध्ये, चर्च देशापेक्षा चार वर्षांनी मोठं. १९६८ ला कोम्बोनी संघाच्या सिस्टरांनी (नन्सनी) शाळा काढली. पुढे माणसं इतकी वाढली की जुनी इमारत पुरेना, म्हणून १९८९ ला आत्ताची मोठी बांधली, आणि खरं सांगायचं तर तीही पुरत नाही. अबुधाबीचं सेंट जोसेफ तर १९६५ चं, आणि बहारीनचं सेक्रेड हार्ट सगळ्यांच्या आधीचं, तिथे पहिली मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, १९३९ च्या नाताळात झाली.

पण मला सांगायचंय ते शुक्रवारचं, ते तुमच्या लेखात कुठेच नाही. तिकडे तेव्हा सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी यायचा. रविवारचीच वाचनं, तेच प्रवचन, फक्त वार वेगळा. सकाळपासून एकामागून एक मिस्सा, इंग्रजी, मल्याळम, कोंकणी, तागालोग, तमिळ, एक सुटली की दुसरीचे लोक दारात उभेच. आत जागा मिळाली नाही की अंगणात स्पीकरखाली उभं राहायचं, जुलैत डोक्यावर ऊन आणि खाली फरशी अशी तापलेली की बुटातून चटका लागायचा. माझ्या शेजारी एक फिलिपिनो बाई असायची, नाव कधी विचारलं नाही, पण ती दर शुक्रवारी छत्री थोडी माझ्याकडे कलती धरायची. लेबर कॅम्पवाल्यांची वेगळीच धांदल, कंपनीची बस परतायची वेळ ठरलेली, त्यामुळे साक्रामेंत (मिस्सातला प्रसाद) घेतलं की ते तसेच पळत सुटायचे, मागच्या फाटकापाशी एकाची चप्पल राहिलेली मी स्वतः पाहिलीय. रमजानात पाण्याची बाटली पिशवीतच, उघड्यावर घोट घ्यायचा नाही, हे नव्या माणसाला सगळ्यात आधी सांगायचं.

मी कायमचा परत आलो २०१६ ला. तिथे जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली, शुक्रवारी अर्धा दिवस काम. मुलगा अजून तिकडेच आहे, तो म्हणतो पप्पा आता इथेही रविवारी मिस्साला जातो. ऐकून आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण मी त्याला विचारलं, शुक्रवारी गर्दी असते का रे? तर म्हणाला असते, पण पूर्वीसारखी नाही.

या चर्चचा इतिहास लिहिताना शेख, बिशप, कॅपुचिन संघाचे फादर यांची नावं येतातच आणि यायलाच हवीत, जमीन दिल्याशिवाय चर्च कुठून होणार. पण पन्नासेक वर्षं तो शुक्रवार भरवला तो नर्सेस, ड्रायव्हर, क्लार्क, घरकामाच्या बायका आणि कॅम्पवाल्यांनी, त्यातल्या बहुतेकांना तिथं कायमचं राहायची सोय नव्हती, व्हिसा संपला की सामान बांधायचं. त्यांच्यावर एखादी ओळ असती तर बरं झालं असतं.

तेवढी 'हल्ली'ची दुरुस्ती पुढच्या अंकात छापा. आणि फोटोखाली जे सेंट मेरीज म्हणून दिलंय ते सेंट मेरीज नाहीच, आमच्या अंगणात मारियेची ग्रोटो, म्हणजे गुहेसारखं छोटं देवस्थान, आहे आणि तिच्यापुढे कायम मेणबत्त्या असतात, त्या फोटोत कुठे दिसतायत?

आपला,
एक जुना दुबईकर, वसई