ईमेल क्लस्टर परत उभा करून देणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मुख्य डेटा सेंटरची वीज गेली, जनरेटरने भार उचलला नाही आणि यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या. तेव्हापासून शेवटचा मेलबॉक्स उघडेपर्यंत तुम्ही फोनवर आमच्यासोबत होता. आभार खासगीत मानता आले असते. पण तुम्ही जे सांगितलंत, आणि त्याहून जास्त जे करू दिलं नाहीत, ते मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरचा डॅग (मेलबॉक्स डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणारा गट) सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. म्हणून हे उघड पत्र.

पहिले आभार तुम्ही कोरमचं, म्हणजे क्लस्टर चालू राहायला लागणाऱ्या बहुमताचं, गणित मांडायला लावलंत त्याचे. डॅगमध्ये चार नोड (सर्व्हर), दोन मुख्य सेंटरमध्ये, दोन दुसऱ्या सेंटरमध्ये, आणि फाइल शेअर विटनेस (एक जादा मत देणारं सामायिक फोल्डर) मुख्य सेंटरमध्ये. एकूण पाच मतं, बहुमताला तीन. मुख्य सेंटर बंद पडलं की तीन मतं एकदम जातात. दुसऱ्या सेंटरमधले दोन्ही नोड धडधाकट असूनही क्लस्टर सर्व्हिस थांबते आणि डेटाबेस डिसमाउंट होतात, म्हणजे वापरासाठी बंद होतात. बाहेरून हा आणखी एक बिघाड वाटतो. प्रत्यक्षात क्लस्टर बरोबर वागत असतो. डायनॅमिक कोरमही इथे कामी येत नाही, कारण तो नोड एकेक करून गेले तर मतं जुळवून घेतो. बहुमत एका फटक्यात गेलं तर त्याच्या हातात काही उरत नाही.

अशा वेळी फोर्स कोरमने (बहुमत नसतानाही जबरदस्तीने) सर्व्हिस उठवायचा मोह प्रत्येकाला होतो, एका ओळीचं तर काम. तुम्ही ते करू दिलं नाहीत. त्याने क्लस्टर उठतो, पण कोणते सर्व्हर बाद धरायचे याची नोंद अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (सर्व्हर आणि वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) होत नाही. तुम्ही सांगितलेला क्रम असा होता: मुख्य सेंटर खरोखर बंद आहे आणि मध्येच कोणी तिथले सर्व्हर चालू करणार नाही, याची आधी खात्री. मग त्या साइटसाठी स्टॉप-डेटाबेसअव्हेलेबिलिटीग्रुप ही आज्ञा, सोबत कॉन्फिगरेशनओन्ली (फक्त नोंद बदलणारा पर्याय), कारण ते सर्व्हर संपर्कात नाहीत. मग उरलेल्या दोन्ही नोडवर क्लस्टर सर्व्हिस हाताने बंद. शेवटी पर्यायी विटनेस देऊन रिस्टोर-डेटाबेसअव्हेलेबिलिटीग्रुप. गेलेले नोड क्लस्टरमधून काढणं आणि कोरम जुळवणं ही आज्ञाच करते. यासाठी डॅक मोड (नव्याने उठलेल्या नोडला लगेच डेटाबेस माउंट करू न देणारी सोय) आधीपासून चालू असावा लागतो.

डॅक मोडचं खरं मोल वीज परत आल्यावर कळतं. दोन सेंटरमधली लिंक अजून बंद आहे आणि मुख्य सेंटरमधले दोन नोड व विटनेस जागे झाले, तर त्यांच्या जुन्या हिशेबाने तीन मतं त्यांच्याकडेच असतात. डॅक नसेल तर तेही डेटाबेस माउंट करतील आणि एकाच मेलबॉक्सच्या दोन चालू प्रती तयार होतील. डॅक असेल तर नव्याने उठलेला नोड शून्य बिट (माउंट करायची परवानगी नाही अशी खूण) घेऊन उठतो आणि बिट एक असलेला सदस्य भेटेपर्यंत, किंवा चालू यादीतले सगळे सदस्य संपर्कात येईपर्यंत, काहीही माउंट करत नाही.

बाहेरून येणाऱ्या मेलची सगळ्यांनाच धास्ती होती. तुम्ही पोर्ट २५ (बाहेरचे मेल आत येण्याची वाट) बंदच ठेवायला सांगितलंत. पाठवणारा सर्व्हर संपर्क झाला नाही तर मेल आपल्या क्यूमध्ये ठेवतो. आरएफसी ५३२१ या ईमेल पोचवण्याच्या मानकानुसार हे प्रयत्न साधारण ४ ते ५ दिवस चालू राहायला हवेत. पण अर्धवट उठलेल्या सर्व्हरने पत्ता सापडला नाही म्हणून ५५० उत्तर दिलं, तर तो कायमचा नकार ठरतो आणि मेल त्याच क्षणी परत जातो. इतकी मोलाची सूचना आम्हाला कुठल्याही रनबुकात (बिघाडात काय करायचं ते लिहिलेल्या पुस्तिकेत) दिसली नव्हती.

परत उठवतानाचा क्रमही तुमचाच. आधी स्टोरेज, मग डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी सेवा), मग घड्याळं. कर्बेरॉस या लॉगिनच्या पद्धतीला घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही आणि व्हर्च्युअल मशीन होस्टकडून चुकीची वेळ उचलतात. मग लॉगिन फसतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. त्यानंतर विटनेस, आणि सगळ्यात शेवटी स्टार्ट-डेटाबेसअव्हेलेबिलिटीग्रुप देऊन मेलबॉक्स सर्व्हर.

आता डर्टी शटडाउनबद्दल, म्हणजे डेटाबेस नीट बंद न होता थांबला त्याबद्दल. ज्या अर्काइव्ह डेटाबेसची दुसरी प्रतच नव्हती, तिथे ईएसईयूटिल या साधनाची स्लॅश पी ही जबरदस्तीची दुरुस्ती चालवू द्यायला तुम्ही ठाम नकार दिलात. त्याबद्दल कितीही आभार मानले तरी कमीच. डर्टी म्हणजे खराब नव्हे. लॉगमधले (बदलांच्या क्रमवार नोंदीतले) काही व्यवहार अजून डेटाबेस फाइलमध्ये उतरलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. स्लॅश एमएच चालवून ‘लॉग रिक्वायर्ड’ समोरचे आकडे बघायचे, त्या लॉग फाइल जागेवर आहेत का पाहायचं, स्लॅश एमएलने त्या धड आहेत का तपासायचं, आणि मग स्लॅश आर, म्हणजे ते लॉग डेटाबेसवर चढवणं. स्लॅश पी न जुळणारी पानं सरळ टाकून देतो. त्यानंतर जुने लॉग त्या फाइलवर चढवता येत नाहीत आणि मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवावेच लागतात. ज्यांची दुसरी प्रत चांगली आहे त्यांच्यावर तर दुरुस्तीचा प्रयोगच करायचा नाही, सरळ रीसीड, म्हणजे चांगल्या प्रतीवरून नवी प्रत.

रीसीड सगळ्या डेटाबेसचं एकदम लावू नका, हेही तुमचंच. एक गिगाबिटच्या लिंकवर १ टीबीला, सगळं सुरळीत असलं तरी, अडीच तास लागतात, आणि तीच लिंक रोजच्या लॉग कॉपीलाही हवी असते. इकडे एखादी प्रत बंद असेपर्यंत जुने लॉग कापले (आपोआप पुसले) जात नाहीत. एक फाइल १ एमबीची, म्हणजे १०,००० फाइलना सुमारे १० जीबी. लॉगची डिस्क भरली की नुकताच उठलेला डेटाबेस पुन्हा डिसमाउंट होतो. म्हणून डिस्कवरची जागा आधी पाहायची, आणि लॉग हाताने कधीही पुसायचे नाहीत. कॉपी क्यू आणि रिप्ले क्यू (कॉपी व्हायचे आणि चढवायचे राहिलेले लॉग) शून्याजवळ आल्यावरच पुढच्या डेटाबेसला हात लावायचा. न पोचलेल्या लॉगमुळे जे मेल गळले, ते सेफ्टी नेटमधून (पोचवलेल्या मेलच्या काही काळ ठेवलेल्या प्रतींमधून) पुन्हा येतात. ती मुदत मुळात २ दिवसांची असते, तुमच्या सांगण्यावरून आम्ही ती वाढवली आहे.

विटनेस आता दोन्ही सेंटरपासून वेगळ्या, तिसऱ्या ठिकाणी हलवला आहे. कुठलंही एक सेंटर गेलं तरी तीन मतं शिल्लक राहतील. फेलओव्हरची पुढची चाचणी ठरली की तारीख कळवतो. तुम्ही फोनवर असाल तर आम्हा सगळ्यांना फार आनंद होईल.

मनापासून आभारी,
मेल सर्व्हर सांभाळणारी टीम