मोठ्यांसाठीही रिंकची वेळ राखून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये अल ऐन येथे झालेल्या महिलांच्या आशिया चषक आइस हॉकी स्पर्धेत भारताने कांस्यपदक जिंकले. तेव्हापासून 'हा खेळ तिशी-चाळिशीत शिकता येतो का, आणि तोही नागपुरात?' हा प्रश्न स्केटिंग शिकवणाऱ्यांच्या कानावर वरचेवर येतो. येतो शिकता. त्यासाठी नागपुरात बर्फाची रिंक बांधण्याची गरज नाही. देहरादूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभी राहिली आणि नंतर वर्षानुवर्षे बंद पडून राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. बर्फ टिकवायचा तर शीतयंत्रे अखंड चालवावी लागतात. मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या घरात जाणाऱ्या शहराने तो खर्च अंगावर घेऊ नये. इथे हवी ती गुळगुळीत फरशी, इनलाइन म्हणजे एका ओळीत चाके असलेले स्केट्स आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा तासभर मोकळी जागा.

नेमकी ही जागाच मोठ्यांना मिळत नाही. संध्याकाळी शहरातल्या कुठल्याही चाकांच्या स्केटिंग रिंकवर पाहा. मुले आत फेऱ्या मारतात आणि आईवडील कठड्याला टेकून तासभर उभे असतात. त्यांच्यातल्या कित्येकांना आत उतरायचे असते, पण वेळापत्रकात त्यांचा रकानाच नसतो. ही मागणी पुढे मांडतोच. आधी शिकणाऱ्यांच्या उपयोगाचे थोडे सांगतो, कारण चुकीची सुरुवात करून महिनाभरात सोडून देणारे फार आहेत.

मुलांच्या वर्गात बहुधा क्वाड असतात, म्हणजे दोन चाके पुढे आणि दोन मागे. पुढे बर्फावर जायचे असेल तर पहिल्या दिवसापासून इनलाइनच घ्यावेत. चारही चाके एका ओळीत असल्याने शरीर कलले की आतली किंवा बाहेरची कड पकड घेते, आणि बर्फावरचे पातेही असेच कडांवर चालते. हॉकीचे स्केट रोजच्या बुटाच्या नंबरपेक्षा साधारण एक ते दीड नंबराने लहान लागते. सरळ उभे राहिल्यावर अंगठा पुढे अलगद टेकावा, गुडघे वाकवले की तो सुटावा. 'जाड मोजे घालू' म्हणून मोठा नंबर घेणारे पुढे घोटे आत कोसळतात म्हणून तक्रार करतात. दोष घोट्यांचा नसतो, टाच बुटात वर-खाली होत असते. नाडी बांधण्यापूर्वी टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवावी. बोटांकडे नाडी सैल, पावलाच्या उंचवट्यावर सर्वांत घट्ट, आणि अगदी वरच्या छिद्रात पुन्हा थोडी सैल ठेवावी, म्हणजे गुडघा पुढे वाकायला जागा राहते.

चाकांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि नागपुरात पैसा तिथेच वाया जातो. चाकावर ७६ए, ८४ए असे आकडे असतात, तो त्याचा कडकपणा. ७४ ते ७८ ची मऊ चाके बंदिस्त सभागृहातल्या टाइलसाठी असतात. तीच चाके आपल्या सिमेंट रस्त्यावर चालवली की काही आठवड्यांत आतल्या बाजूने तिरपी झिजतात. वाहने घसरू नयेत म्हणून रस्ता करताना सिमेंट ओले असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात, आणि त्या चाकाला कानशीसारख्या खातात. शिवाय दर काही मीटरवर कापलेला सांधा येतो. चाक त्यात अडकले की माणूस पुढच्या पुढे जातो. म्हणून रस्त्यावर शिकूच नये. उघड्या कोब्यावर ८२ ते ८५ ची चाके घ्यावीत, वजन जास्त असेल तर कडक बाजूची. झीज डोळ्यांना दिसू लागली की पहिले चाक तिसऱ्याच्या आणि दुसरे चौथ्याच्या जागी, शिवाय डाव्या बुटाची चाके उजव्या बुटात अशी अदलाबदल करावी. झिजलेली कड बाहेर यावी. ॲलन कीने (षटकोनी पान्याने) चाकाचा बोल्ट एवढाच आवळावा की बोटाने फिरवलेले चाक सहज गरगरेल, पण आडवे हलणार नाही.

प्रत्येक चाकात दोन, म्हणजे दोन्ही बुटांत मिळून १६ बेअरिंग असतात. माप ६०८, आतले छिद्र ८ मिमी आणि बाहेरचा व्यास २२ मिमी. आपल्याकडच्या धुळीत दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलीच घ्यावीत. कुरकुर ऐकू आली की काही जण गंज सोडवणारा स्प्रे मारतात. त्याने आतले ग्रीस धुऊन जाते आणि बेअरिंग आणखी लवकर मरते. स्केट्स पाण्याने धुऊ नयेत, कोरड्या कापडाने पुसावेत.

आता पडण्याविषयी, कारण मोठ्या माणसाला खरी भीती त्याचीच. तोल जातोय असे वाटताच माणूस ताठ होतो आणि मागे झुकतो. मग एक तर माकडहाड आपटते, नाहीतर मागे टेकवलेले मनगट मोडते. म्हणून पडणे आधी शिकवावे लागते. गुडघे वाकवत खाली जायचे, गुडघ्याचा पॅड आधी टेकवायचा, हात पुढे पण मुठी मिटलेल्या. बर्फावर तर मिटलेली मूठच बोटे वाचवते, मागून दुसऱ्याचे पाते येत असते. उठताना एक पाऊल समोर रोवायचे, दोन्ही तळवे त्या गुडघ्यावर आणि सरळ वर. हे वीस वेळा हिरवळीवर करावे. गवतात चाके फिरत नाहीत, त्यामुळे स्केट्स घालून उभे राहणे, जागच्या जागी पावले टाकणे, एका पायावर दहा सेकंद थांबणे हे सारे तिथे निर्धास्तपणे जमते.

फरशीवर आल्यावर एकच खूण सतत तपासावी. खाली पाहिले असता गुडघ्यामागे बुटाचे टोक झाकले गेले पाहिजे. टोक दिसत असेल तर गुडघे पुरेसे वाकलेले नाहीत. बहुतेकांना आपण खूप वाकलो आहोत असे वाटते, प्रत्यक्षात ते कमरेतून वाकलेले असतात. छाती वर, नजर समोर. पावले इंग्रजी व्ही अक्षरासारखी ठेवून ढकलायचे ते बाजूला, मागे नाही. मग एका पायावर घसरत जाणे, दोन्ही टाचा बाहेर ढकलून वेग कमी करणे, दोन्ही बाजूंना वळणे, उलटे जाणे, आणि शेवटी पायावरून पाय टाकत वळण घेणे. हॉकीच्या स्केटला टाचेचा ब्रेक नसतो. मागचा पाय आडवा घासून थांबायची सवय लागली तर चाके एका बाजूने खलास होतात. त्यापेक्षा लहान वर्तुळात वळून वेग मारणे लवकर शिकावे. ज्या बाजूला वळणे जड जाते त्या बाजूने दुप्पट सराव करावा. रिंकवर सगळे डावीकडेच फिरतात, म्हणून उजवी बाजू वर्षानुवर्षे कच्ची राहते.

स्टिक पहिल्या दिवशी हातात घेऊ नये. तिची आधाराची काठी होते आणि शरीर तिच्यावर रेलायला शिकते. वळता आणि थांबता आले की मग घ्यावी. स्केट्स घालून उभे राहिल्यावर ती हनुवटीपर्यंत, आणि अनवाणी असताना साधारण नाकापर्यंत यावी. दुकानात 'लेफ्ट' आणि 'राइट' असे प्रकार असतात, ते खालचा हात कोणत्या बाजूला यावरून. मैदानी हॉकीत स्टिकची एकच बाजू सपाट असल्याने सगळे डावा हात वर धरतात. शाळा-कॉलेजात ती खेळलेल्यांनी तीच पकड ठेवून 'राइट' घ्यावी. अगदी नवख्याने मात्र ज्या हाताने लिहितो तो वर ठेवून पाहावा, कारण एका हाताने स्टिक पुढे टाकताना वरचाच हात काम करतो. स्टिकच्या लवचिकतेचा आकडा पौंडांतल्या वजनाच्या निम्मा धरतात. ७० किलोच्या माणसाला ७५ च्या आसपासची पुरते. कापून लहान केली की ती कडक होते, हे घेतानाच लक्षात ठेवावे.

आइस हॉकीत चेंडूऐवजी चकती असते, तिला पक म्हणतात. खऱ्या पकचे वजन १५६ ते १७० ग्रॅम असते आणि तो रबरी असतो. कोब्यावर तो सरकत नाही, उभा राहून चाकासारखा पळतो. आपल्या फरशीवर कडक प्लास्टिकचा चेंडूच बरा. मऊ चेंडू उन्हात आणखी नरम होऊन टप्पे घेतो.

संरक्षक साहित्यात हेल्मेट आणि चेहऱ्याची पूर्ण जाळी, गुडघा-नडगीचे आणि कोपराचे गार्ड, हातमोजे, जांघेचा कप आणि दातांचे गार्ड यांत तडजोड नको. हेल्मेट भुवईच्या वर एक बोट बसावे, डोके हलवल्यावर डुलू नये. हॉकीचे हातमोजे मनगट वाचवत नाहीत, म्हणून पहिला महिनाभर स्केटिंगचे मनगट-गार्ड वापरावेत. बर्फावर यात गळ्याच्या संरक्षक पट्ट्याची भर पडते. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात पात्याने गळा कापला जाऊन खेळाडू दगावला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या सर्व स्पर्धांत हा पट्टा सक्तीचा केला. चाळिशी ओलांडलेल्यांनी सुरुवातीलाच रक्तदाब आणि ईसीजी पाहून घ्यावा. हा खेळ मिनिटभर जीव तोडून धावण्याचा आणि मग बाकावर बसण्याचा आहे. हौशी सामन्यात अंगावर धडकणे आणि स्टिक मागे उंच नेऊन मारलेला फटका, दोन्ही बंद ठेवावेत.

अशी तीन-चार महिन्यांची तयारी झालेला माणूस देहरादूनला किंवा हिवाळ्यात लडाखला गेला की त्याला दोन गोष्टी चकवतात. पहिली म्हणजे पाते सपाट नसते. त्याला पुढे-मागे किंचित गोलाई असते आणि एका वेळी त्याचा मधला थोडाच भाग बर्फाला टेकतो. चार चाकांच्या लांब आधाराची सवय असलेला माणूस म्हणून पुढे-मागे डोलतो. वजन पावलाच्या मध्यावर आणले की हे तासाभरात सुटते. दुसरी गोष्ट थांबण्याची. बर्फावर दोन्ही स्केट्स आडवे करून बर्फ तासत थांबतात. हीच गोष्ट फरशीवर केली तर चाके पकड घेतात आणि माणूस फेकला जातो, म्हणून चाकांवर शिकलेल्याचे पाय बर्फावर आडवे व्हायलाच धजत नाहीत. उपाय साधा आहे. कठडा धरून उभे राहायचे, एका पायाच्या आतल्या कडेने बर्फ बाहेर खरवडायचा, पांढरा भुगा निघेपर्यंत. मग संथ वेगात तेच. पाय आडवा करण्याच्या क्षणी अंग किंचित वर उचलायचे आणि लगेच गुडघे वाकवून खाली बसायचे.

पात्याला धार हवीच. धारेच्या दगडाने मधोमध पन्हाळीसारखी खोबण पाडलेली असते. तिची त्रिज्या जितकी लहान तितकी पकड तीव्र. अर्धा इंच सर्वसाधारण, वजनदार माणसाला पाच अष्टमांश बरी पडते, नाहीतर थांबताना कड रुतते. भाड्याच्या स्केट्सवर नखाची पाठ कडेवर आडवी हलकेच ओढून पाहावी. नखाचा भुगा निघाला नाही तर धार मेलेली आहे, बदलून मागावेत. आणि लेहची उंची साधारण ३,५०० मीटर, नागपूरची ३१० च्या आसपास. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, त्याआधी स्केट्स बांधूच नयेत.

आता मागणी. महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास आणि क्रीडा खाते यांनी आपल्या ताब्यातल्या रिंकवर आठवड्यातून दोन दिवस सकाळी साडेपाच ते सात किंवा रात्री साडेआठ ते दहा ही वेळ १८ वर्षांवरील शिकाऊंसाठी राखावी. उन्हाळ्यात सकाळचीच, कारण तापलेला कोबा रात्रीही गरम असतो. वेगळे बांधकाम नको. तीन विरुद्ध तीन खेळायला २८ बाय १५ मीटरचे बास्केटबॉल मैदान पुरते, कडेने फूटभर उंचीच्या फळ्या लावल्या म्हणजे झाले. मात्र मैदानांची दुरुस्ती करताना सरसकट गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवणे थांबवावे. गट्टूच्या फटीत चाक गेले की घोटा गेलाच. त्याऐवजी ट्रिमिक्स करून (ओल्या काँक्रीटमधले जादा पाणी यंत्राने शोषून) घोटलेला सिमेंटचा पृष्ठभाग द्यावा, सांधे फरशीच्या पातळीत भरावेत, आणि शहरात किमान एका ठिकाणी पत्र्याचे छत घालावे. ओल्या फरशीवर चाके घसरतात आणि बेअरिंग गंजतात, त्यामुळे छत नसेल तर पावसाळ्याचे चार महिने सराव बंदच पडतो.

दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ नागपुरात शिकायला सर्वांत चांगला. त्या हंगामाचे वेळापत्रक सप्टेंबरमध्ये ठरते झाले तर यंदाच सुरुवात होऊ शकेल.

आपले नम्र,
स्केटिंग शिकवणारे काही नागपूरकर