कार्ड कापून बंद होत नाही हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला क्रेडिट कार्ड कापण्याचा लेख वाचला. त्या दिवशी घरी पाहुणे होते म्हणून गप्प बसले, आज लिहिते. लेखिकाबाई म्हणतात, कात्री घ्या, कार्डाचे दोन तुकडे करा आणि मोकळ्या व्हा. सोबत कात्रीचा फोटोही छान रंगीत आलाय. बाईंनी स्वतः कधी कार्ड कापलंय का, एवढंच विचारायचं आहे.

मी कापलंय. सासूबाईंच्या अडकित्त्यानं, कारण चिपपाशी कात्री चालेना. २०२२ ची दिवाळी. बिल आलं १८,४०० रुपये. आमच्या ह्यांनी 'किमान देय रक्कम' बघून ९२० भरले आणि म्हणाले, हप्ता भरला. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ६४४. त्यावर १८ टक्के जीएसटी, ११६. म्हणजे ९२० भरून फिटले किती, तर जेमतेम १६०! शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही गेली. तेल-साखरेवर पहिल्या दिवसापासून व्याज. शेकडा तीननं पैसे देणाऱ्याचं नाव आमच्या माहेरी आवाज खाली करून घेतात, आणि हे शेकडा साडेतीन गुळगुळीत कागदावर छापून घरपोच येतं. परवानाधारक सावकाराला निदान २०१४ च्या कायद्यानं व्याजाची मर्यादा आहे. कार्डाला राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांची घातली होती, ती सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. असो, तिथं माझं कोण ऐकतंय.

भिशी उचलली, सगळं बिल फेडलं आणि कार्ड अडकित्त्यात धरलं. संपलं असं वाटलं. लेखातही इथंच संपतं.

पुढच्या वर्षी ऐन हळदीकुंकवाच्या दुपारी फोन. दारात बायका, माझ्या एका हातात अत्तरदाणी, आणि फोनवरचा पोरगा वसुलीची भाषा बोलतोय. वार्षिक फी ४९९, जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे, ती भरली नाही म्हणून दंड, दंडावर जीएसटी, थकलेल्यावर व्याज, असं करत तीन हजारांच्या वर. बिलं म्हणे ह्यांच्या ईमेलवर जात होती. तो ईमेल ह्यांनी रिटायर झाल्यापासून उघडलेला नाही. "अहो, पण मी कार्ड कापलंय," म्हटलं तर म्हणतो, "मॅडम, कार्ड कापलंत, खातं चालूच आहे."

पैसे भरले. मग बंद करा म्हणून शाखेत गेले, तर कार्डाचा विभाग वेगळा. टोल फ्रीवर लावलं, तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, फी माफ करते, लिमिट दुप्पट करून देते! बाकी एक पैसा नसताना सव्वीस दिवस माझा अर्ज 'प्रक्रियेत' होता. शेवटी भाच्यानं रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम काढून दिला. येणं बाकी नसेल तर अर्जानंतर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झालंच पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं ग्राहकाला ५०० रुपये द्यायचे. तेवढं एक वाक्य ईमेलमध्ये लिहिलं. दुसऱ्या दिवशी कार्ड बंद! माझे दिवसाचे ५०० मात्र अजून यायचेत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवस थांबा म्हणतात. तेवढ्यात सुनेचं बाळंतपण आलं, राहिलं.

हा नियम लेखात एका ओळीत बसला असता. त्याऐवजी बाईंनी 'मनाचा निर्धार' यावर पाऊण रकाना खर्ची घातलाय. निर्धार आम्हाला शिकवू नका. गणपती पेठेतल्या आमच्या वाण्याकडे वीस वर्षं वही होती. बाकी जरा वाढली की तोच काट्याकडे बघत पुटपुटायचा, "काकू, मागचं थोडं राहिलंय बघा." त्या दिवशी डाळ एक किलोऐवजी अर्धा किलो घ्यायची, हे वेगळं सांगावं लागायचं नाही. २०१९ च्या महापुरात त्याची ती वही भिजून लगदा झाली. पेठेतल्या किती जणांनी स्वतः जाऊन आपापली बाकी सांगितली, ते एकदा छापा.

आता कार्ड नाही, वही परत सुरू आहे. त्याच वहीत एक नोंद तुमच्याही नावावर आहे. गेल्या महिन्यात रविवारची पुरवणी दोनदा आली नाही. पेपरवाल्या पोराला विचारलं तर "वरूनच कमी येतात" म्हणाला, बिल मात्र पूर्ण महिन्याचं घेऊन गेला. हे 'वर' म्हणजे नक्की कुणाकडं, तेवढं कळवावं.

आपली,
एक जुनी वाचक
विश्रामबाग, सांगली