आफ्रिकेची सहल : गाडीत माणसे किती, रस्त्यावर तास किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी सरली की आपल्या दैनिकाच्या कोकण आवृत्तीत परदेश सहलींच्या जाहिराती सुरू होतात. ‘आफ्रिकन सफारी, छोटा गट, शेवटी समुद्रकिनारा’ हा प्रकार आता चिपळूण-कणकवलीपर्यंत पोचला आहे. सहल चांगली आहे, ज्याला परवडते त्याने जरूर करावी. पण जाहिरातीत छापलेले असतात ते दिवस, रात्री आणि अभयारण्यांची नावे. पैसे कशात जातात आणि जनावरे कशामुळे दिसतात किंवा दिसत नाहीत, याबद्दल अवाक्षर नसते. अशा सहली आखणे हे आमचे रोजचे काम असल्यामुळे केनियाच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहीत आहोत.

‘छोटा गट’ म्हणजे बहुतेक ठिकाणी बारा माणसे. बारा हा आकडा विमानतळावर हजेरी घेताना उपयोगी. जंगलात महत्त्वाचा आकडा एका गाडीतला. छप्पर वर उचलले जाणारी लँड क्रूझर सहा जणांना बरोबर पुरते, प्रत्येकाला खिडकी मिळते. सातवी जागा चालकाशेजारची. तिच्यावर छप्पर उघडत नाही, त्यामुळे सिंह उजव्या अंगाला असेल तर तिथल्या माणसाला चालकाचा खांदा दिसतो. म्हणजे बारा जणांना दोन गाड्या हव्यात आणि जागा रोज बदलायला हव्यात. त्याऐवजी आठ जणांची व्हॅन दिली की माणशी खर्च उतरतो, पण मधल्या रांगेतल्यांना खिडकी नाही. शिवाय बहुतेक व्हॅनमध्ये इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळत नाही. मसाई मारा अभयारण्याची जमीन काळी, चिकण; दोन सरी पडल्या की व्हॅन रुतते आणि तिला ओढून काढण्यात सकाळ जाते. तेव्हा ‘एका लँड क्रूझरमध्ये सहा, प्रत्येकाला खिडकी’ हे पावतीवर लिहून घ्यावे, तोंडी नको. चालक-मार्गदर्शकांना तिथल्या व्यावसायिक संघटनेच्या परीक्षेने ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणी मिळतात. सिल्व्हरचा माणूस मागावा. चांगला चालक आणि नुसता चालक यांतला फरक तिसऱ्या दिवशी कळतो, तोवर उशीर झालेला असतो.

आता तास. नैरोबीहून मसाई मारा सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, पाच-सहा तास. नैरोबी ते अंबोसेली, हे दुसरे अभयारण्य, चार-पाच तास. मारातून थेट अंबोसेलीला जायचे म्हटले तर अख्खा दिवस गाडीत. सहा रात्रींत चार अभयारण्ये दाखवणारा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो. प्रत्यक्षात माणूस नारोकच्या रस्त्यावरची ट्रकची रांगच जास्त पाहतो. मारात तीन रात्री आणि अंबोसेलीत दोन, मध्ये विसावा म्हणून नैवाशा तलावाकाठी एक. याहून जास्त ठिकाणे घेऊ नयेत असे आमचे ठाम मत आहे.

माराच्या तिकिटातली खोच तर कोणी सांगतच नाही. परदेशी प्रवाशाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. हे दर २०२४ पासूनचे. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांचे. मुक्काम अभयारण्याच्या आत असेल तर निघायच्या दिवशी सकाळी दहापर्यंत बाहेर पडावे लागते, नाहीतर नवीन तिकीट. आणि मुक्काम फाटकाबाहेर असला, नैरोबीहून पोचायला दुपारचे चार वाजले, तर त्या दोन तासांच्या फेरीसाठी माणशी २०० डॉलर, म्हणजे सतरा हजारांवर रुपये. मग आयोजक ती फेरीच गाळतो आणि कार्यक्रमात ‘संध्याकाळी आराम’ असे लिहितो. मुक्काम फाटकाच्या आत की बाहेर, आणि माराची तिकिटे किती दिवसांची धरली आहेत, हे दोन प्रश्न विचारले की दोन दरपत्रकांमधला पन्नास हजारांचा फरक कुठून आला ते उलगडते.

कधी जावे? जाहिराती असतात मे महिन्याच्या, कारण शाळांना सुट्टी. पण एप्रिल-मे हा तिथल्या मोठ्या पावसाचा काळ. गवत उंच, रस्ते चिखलाचे, किनाऱ्यावर तर पाऊस आणखी जास्त. काही कॅम्प या दिवसांत बंदच असतात. आपल्याकडे मे महिना बागायतदाराला आंब्याच्या पेट्यांतून मान वर करू देत नाही आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांचाही तोच भर हंगाम. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद, जलक्रीडा बंद, खोल्या रिकाम्या, आणि नेमका तेव्हा तिकडे कोरडा हंगाम लागलेला असतो. कोकणातल्या माणसासाठी वेळ जुळते ती ही.

त्यातही तारीख नीट निवडावी. टांझानियातल्या सेरेंगेटीतून वर सरकणारे विल्डबीस्टचे (गायीएवढ्या हरणांचे) कळप मारात साधारण जुलैच्या उत्तरार्धात पोचतात. पावसाप्रमाणे मागेपुढे होते. तिकीट मात्र १ जुलैलाच दुप्पट होते. म्हणून जुलैचा पहिला पंधरवडा हा सगळ्यांत आतबट्ट्याचा. मारा नदी ओलांडणारे कळप बघायचेच असतील तर जुलैअखेर ते सप्टेंबर. नुसते सिंह, हत्ती, चित्ते, जिराफ हवे असतील तर जूनचा शेवटचा आठवडा घ्या. मारातल्या तीन दिवसांत माणशी ३०० डॉलर वाचतात. गणपती सप्टेंबरात आले तर ऑगस्ट मोकळा मिळतो, ऑगस्टात आले तर त्याचा विचारच सोडावा. गणपती चुकवून आफ्रिकेला जाणारा कोकणी माणूस आयोजकाने शोधू नये.

नदी ओलांडण्याचा प्रसंग टीव्हीवर दोन मिनिटांत उरकतो. प्रत्यक्षात कळप काठावर जमतो, पुढची जनावरे उतारावर येतात, पाणी हुंगतात आणि मागे फिरतात. मागच्यांच्या रेट्याने पुन्हा पुढे येतात, पुन्हा फिरतात. यात तीन-चार तास सहज जातात, कधी दिवस जाऊनही काही होत नाही. तोवर गाड्या काठापासून लांब ठेवून इंजिन बंद करायचे असते. एखाद्या उतावळ्या चालकाने गाडी त्यांच्या वाटेत घातली की कळप उधळतो आणि सगळ्यांचाच दिवस फुकट. पहिली काही जनावरे पाण्यात पडली की मात्र मागची थांबत नाहीत, तेव्हा गाडी पुढे घेता येते. ‘पुढे घे’ म्हणून चालकाच्या पाठीस लागणारे प्रवासी हेच इथले मोठे विघ्न. मारात दोन दिवस ठेवणाऱ्या सहलीला असे थांबणे परवडत नाही, म्हणून तीन रात्रींचा आग्रह.

लसीचे बघू. केनियाहून भारतात परतणाऱ्याला यलो फीवरच्या लसीचा दाखला लागतो. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. दाखला नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते, गावच्या डॉक्टरकडे नाही. रत्नागिरीकरांना मुंबईसारखे मोठे शहर गाठावे लागते. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसाला गोव्यात मुरगावचे बंदर आरोग्य कार्यालय जवळ पडते. वेळ आधी ठरवून जावे, मूळ पासपोर्ट न्यावा आणि दाखल्याच्या पिवळ्या पुस्तिकेतले नाव व पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून पाहावा. लस जिवंत विषाणूची आणि कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गरोदरपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती किंवा साठीपुढचे वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. सहलीचे पैसे त्यानंतर भरावेत, आधी नव्हे.

मारा आणि किनारा दोन्हीकडे मलेरिया आहे. लेप्टोच्या साथीत आपल्याकडे देतात ती डॉक्सीसायक्लिन तिथेही चालते, पण मलेरियासाठी ती जायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज आणि परत आल्यावर चार आठवडे घ्यायची असते. घरी पोचल्यावर गोळी सोडून देणे ही नेहमीची चूक. शिवाय या गोळीने कातडी उन्हाला नाजूक होते आणि सहलीचा शेवट तर विषुववृत्ताजवळच्या वाळूत. तेव्हा अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलबद्दल डॉक्टरांना विचारावे. महाग आहे, पण परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते.

सामानाबद्दल थोडक्यात. मारातून किनाऱ्याकडे छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातले धरून १५ किलो, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक बॅग त्या विमानाच्या पोटात मावत नाही. स्वेटर आणि कानटोपी न्यावीच. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, जुलैत पहाटे दहा-बारा अंश असतात आणि गाडीचे छप्पर उघडे. ड्रोन नेऊ नये, परवान्याशिवाय विमानतळावरच जमा होतो. लाडू-चिवडा डब्यात किंवा कापडी पिशवीत न्यावा, कारण केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे. पाण्याच्या एकदा वापरायच्या बाटल्याही राष्ट्रीय उद्यानांत चालत नाहीत. जून ते सप्टेंबरात जाणाऱ्याने मुंबईला एक दिवस आधी पोचावे. पावसाळी वेळापत्रकावर धावणाऱ्या कोकण रेल्वेवर विमान पकडायचा जुगार खेळू नये.

राहिला किनारा. आपल्या दारात समुद्र असताना तिकडे जाऊन किनारा कशाला, हा प्रश्न गुहागर-मालवणात हमखास येतो. त्याचे एक उत्तर शरीराचे आहे: रोज पाचला उठून धुळीत आठ-दहा तास हादरे खाल्ल्यावर दोन-तीन दिवस आडवे पडणे गरजेचे होते. दुसरे उत्तर समुद्राचे. तिथे किनाऱ्याला समांतर प्रवाळाचा कठडा आहे. लाटा लांब त्याच्यावर फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी राहते.

किनारा निवडताना झांझिबारच्या नावाला भुलू नये. केनियाची सफारी करून झांझिबार म्हणजे टांझानियाचा वेगळा व्हिसा, भारतीयांना ५० डॉलर. वर ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचा झालेला तिथलाच ४४ डॉलरचा विमा, आणि पुन्हा यलो फीवरची तपासणी. केनियाला स्वतःला २०२४ पासून व्हिसा नाही, ऑनलाइन प्रवास परवाना आहे. त्याच परवान्यात मोंबासाच्या दक्षिणेचा डियानी किनारा बसतो. अंबोसेलीहून दोनेक तासांवर एमाली रेल्वे स्थानक आहे. तिथे थांबणारी आंतर-काउंटी (वाटेतल्या स्थानकांवर थांबणारी) गाडी घेतली तर मोंबासापर्यंत आरामात जाता येते आणि वाटेत त्सावो उद्यानातले लाल मातीने माखलेले हत्ती खिडकीतून फुकट दिसू शकतात. एक्स्प्रेस मात्र एमालीला थांबत नाही, आरक्षण करताना बघून घ्यावे. पुढे डोंगो कुंडूच्या नव्या रस्त्याने मोंबासाच्या लिकोनी फेरीबोटीची रांग टळते. डियानीचे उणे एकच: जून ते ऑगस्ट ‘कुसी’ वारा सुटतो, पाणी ढवळते आणि शेवाळ वाळूवर येऊन पडते. स्वच्छ पाणीच हवे असेल तर ऑक्टोबरनंतरचा काळ बरा. आणि हो, डियानीला खोलीची खिडकी उघडी ठेवू नये. माकडे तिथलीही आपल्याकडल्यांइतकीच सराईत आहेत.

भरती-ओहोटी मात्र पंचांग बघून ठरवावी, आणि हे आपल्याला कोणी शिकवायला नको. डियानीला आणि झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर उधाणाला पाणी तीन-चार मीटर चढते-उतरते. किनारा सपाट असल्यामुळे ओहोटीला समुद्र पार लांब जातो आणि माणूस गुडघाभर पाण्यात पोहायची जागा शोधत राहतो. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास. तिथे त्याच तिथीला सकाळी दहा-अकराला ओहोटी असते आणि भरती दुपारी चारच्या आसपास. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सकाळी कठड्याकडे चालत जायचे आणि पोहणे दुपारनंतर. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, उलट; सकाळी पाणी भरपूर. चालताना रबरी बूट घालावेत. खडकांत समुद्री साळिंदर असतात, त्यांचे काटे तळव्यात मोडतात आणि सहज निघत नाहीत.

मालवणला स्कूबा केलेले पुष्कळ जण तिथेही बाटला पाठीला लावतात. एकापेक्षा जास्त वेळा खाली उतरला असाल तर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, २४ गेले तर उत्तम. डियानीजवळच्या उकुंडा विमानतळाहून नैरोबीचे विमान दुपारी असेल तर शेवटची डुबकी आदल्या दिवशी सकाळीच उरकावी. हॉटेलच्या दारातला डुबकीवाला तुमच्या विमानाची वेळ विचारीलच असे नाही.

आपले,
रत्नागिरी जिल्ह्यातील काही सहल-आयोजक