खर्चाचा हिशेब मतदानाआधी दिसू द्या

संपादक महाशय,

राज्यातल्या 29 महापालिकांसाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागले. या वेळी राज्य निवडणूक आयोगाने उमेदवारांची खर्चमर्यादा वाढवली होती. मुंबई, पुणे, नागपूरसाठी 15 लाख, ठाणे, नाशिक, पिंपरी-चिंचवडसाठी 13 लाख, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि वसई-विरारसाठी 11 लाख, उरलेल्या 19 शहरांसाठी 9 लाख. मुंबईत 2017 साली ती 10 लाख होती. ही वाढ योग्य की अयोग्य यावर बरीच शाई खर्च झाली. आमचा वाढीला विरोध नाही. महागाई उमेदवारालाही असतेच. दुखणे वेगळे आहे. मर्यादा पाळली की मोडली हे सांगणारा कागद मतदारापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याचा काही उपयोग उरलेला नसतो.

तारखा मांडून पाहा. उमेदवाराला संपूर्ण खर्चाचा हिशेब द्यायला निकालानंतर 30 दिवस मिळतात. महापालिकेच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हान द्यायचे तर मुदत 10 दिवसांची, ग्रामपंचायतीत 15 दिवसांची. म्हणजे हिशेब पाहून याचिका करायची सोयच नाही. विधानसभेला हिशेबाची मुदत तीच 30 दिवसांची, पण याचिकेला 45 दिवस असतात. तिथे निदान पंधरवडा तरी हातात राहतो. स्थानिक निवडणुकीत हिशेब येण्याआधीच न्यायालयाचे दार बंद झालेले असते.

त्यात मुंबई सोडून इतरत्र बहुसदस्यीय प्रभाग. पुण्यात 165 जागा 41 प्रभागांत बसवल्या आहेत, बहुतेक ठिकाणी चारचे पॅनेल. मर्यादा मात्र माणशी. एकाच पक्षाचे चार उमेदवार एकच पत्रक काढतात, एकाच ट्रकवर उभे राहतात, एकाच कार्यालयात बसतात आणि बिल चार ठिकाणी वाटले जाते. पॅनेलच्या हाती कायदेशीर 60 लाख, तर शेजारी लढणाऱ्या एकट्या अपक्षाला त्याच गल्ल्या, तेच मतदार 15 लाखांत गाठायचे. समजा 40 हजार पत्रके छापली. पक्षाच्या उमेदवाराच्या वहीत 10 हजार पत्रकांचा खर्च पडतो, अपक्षाच्या वहीत पूर्ण 40 हजारांचा. मोठ्या नेत्याची सभा असेल आणि व्यासपीठावर चार प्रभागांचे सोळा उमेदवार असतील तर भाग सोळा. म्हणून हिशेब पॅनेलचा एकत्र दिसला पाहिजे आणि प्रत्येक सामाईक बिलावर ते किती जणांत वाटले, बाकीच्यांनी आपला वाटा दाखवला का, हे नोंदले पाहिजे. आज ही जुळवणी कोणी केली तर हौस म्हणूनच.

पक्षाचा खर्च तर निराळ्याच कपाटात असतो. पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या नावे धरला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात म्हटले होते. त्याच वर्षी कायद्यात स्पष्टीकरण घालून ते निष्प्रभ केले गेले. पक्षाच्या एकूण खर्चाला लोकसभेपासून खालपर्यंत कमाल मर्यादा नाही. 2009च्या लोकसभा निवडणुकीत आपला खर्च 8 कोटी झाला, असे गोपीनाथ मुंडे 2013 साली जाहीरपणे बोलून गेले. तेव्हाची मर्यादा 25 लाख होती. केंद्रीय निवडणूक आयोगाची नोटीस गेली, पुढे प्रकरण मिटले. मुंडे निदान बोलले, बाकीचे बोलत नाहीत एवढाच फरक.

आता खर्चाची मोजणी सुरू कधी होते ते पाहू. उमेदवारी अर्ज भरल्यापासून. या वेळी आरक्षणाची सोडत 11 नोव्हेंबरला निघाली आणि अर्ज 23 डिसेंबरपासून घेतले गेले. प्रभाग खुला की राखीव हे सोडतीच्या दिवशी कळते आणि इच्छुक त्याच संध्याकाळी कामाला लागतात. पैठणीचे खेळ, देवदर्शनाच्या बसगाड्या, फोटो छापलेली नव्या वर्षाची कॅलेंडरे, हे सगळे त्या सहा आठवड्यांत उरकते आणि हिशेबात शून्य राहते. मोजणी सोडतीच्या दिवसापासून धरावी. जो पुढे अर्ज भरेल त्याने अर्जासोबतच मागचा हिशेब जोडावा.

गावपातळीवर याचे टोक दिसले ते जानेवारी 2021 मध्ये. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी येथे पदांचे लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती. ग्रामपंचायत 17 सदस्यांची असली तरी सदस्याची खर्चमर्यादा 50 हजार. रीतसर बिनविरोध झाले असते तर दाखल होणारा हिशेब स्वच्छ दिसला असता.

शिक्षा होते कोणाला? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14ब खाली मुदतीत आणि ठरलेल्या रीतीने हिशेब न देणारा पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. यात अडकतो तो बहुधा पडलेला उमेदवार, किंवा खर्चच झाला नाही तर हिशेब कसला द्यायचा असे वाटून गप्प बसलेला बिनविरोध सदस्य. (शून्य खर्चाचाही हिशेब द्यावाच लागतो, हे अर्ज भरतानाच ठळक सांगायला हवे.) वेळेत खोटा हिशेब देणारा सुखरूप. आयोगाच्या खर्च तपासणी पथकाच्या चित्रीकरणात सभेच्या पाचशे खुर्च्या, मंडपवाल्याच्या बिलात दोनशे. विचारले तर उरलेल्या मंडळाच्या होत्या. तफावतीची नोटीस निघते, खुलासा येतो, फाईल बंद. वास्तविक भोकर मतदारसंघाच्या खटल्यात 5 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, हिशेब नुसता वेळेत आला का एवढेच नव्हे, तो खरा आहे का हेही केंद्रीय निवडणूक आयोग तपासू शकतो. तो निकाल लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 10अ वर आहे आणि 14ब ची शब्दरचना जवळपास तशीच आहे. तो दाखला घेऊन जिल्हाधिकाऱ्यांनी खोट्या हिशेबांवर सुनावण्या घ्यायला हव्यात.

सुरुवातीला नवा कायदाही लागत नाही. आयोगाच्या 'ट्रू व्होटर' ॲपवर उमेदवाराने रोजचा खर्च भरण्याची पद्धत 2017च्या निवडणुकांपासूनची आहे. ती नोंद रोज रात्री प्रभागनिहाय तक्त्यात सर्वांना खुली करावी. तक्त्यात बिल क्रमांक, विक्रेत्याचे नाव, नग, दर आणि किती उमेदवारांत वाटणी हे रकाने हवेत, शेजारी पथकाची नोंद हवी. स्कॅन केलेली चित्रे नकोत. बेरीज करता येईल अशी फाईल हवी. विरोधी उमेदवाराचे कार्यकर्तेच मग फुकटात तपासनीस होतील. घटनेच्या 243ट आणि 243यक या अनुच्छेदांनी आयोगाला निवडणुकांच्या संचालनाचे अधिकार दिले आहेत, तेव्हा हे आदेशाने होण्यासारखे आहे. पक्षांनाही आयोग हात लावू शकतो: लेखापरीक्षित हिशेब न देणाऱ्या 191 पक्षांची नोंदणी त्याने 2016 मध्ये रद्द केली होती. त्याच बळावर पक्षांकडून प्रत्येक महापालिकेचा वेगळा खर्च मागवावा.

विधिमंडळाकडे काम उरते ते याचिकेच्या मुदतीचे. दोन्ही महापालिका अधिनियम, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत अधिनियमांत 10 आणि 15 दिवसांच्या जागी 45 घालावेत.

आपले,
निवडणूक खर्चाच्या तपासणीशी संबंधित काही निवृत्त लेखापरीक्षक, पुणे